लूमच्या आवाजाआड

बुऱ्हाणपूरच्या त्या गल्लीत घराघरात कापड विणायचे लूम, त्यामुळे शेजारी बसलेल्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. निशाच्या ते पथ्यावरच पडलं. गाड्यांच्या विमा कंपनीत फोनवर अपघाताच्या तक्रारी घ्यायची नोकरी निघाली होती, मुलाखत इंग्रजीत होती, आणि सासरे कौतिकराव घरात इंग्रजीचं पुस्तकही उघडू देत नव्हते. "शेजारच्या आशाबाईच्या सुनेला देख जरा," ते उठताबसता सुनावायचे, "लग्न होऊन आली तशी तोंडातून शब्द निघत नाही तिच्या."

मग निशा लूम चालवता चालवता बेंबीच्या देठापासून ओरडून अपघाताचे इंग्रजी शब्द पाठ करायची. "लाउड बँग! डेफनिंग क्रॅश! हेड-ऑन कोलिजन!" समोर खाटेवर बसलेल्या सासऱ्यांना तिचे नुसते ओठ हलताना दिसायचे. सून नामस्मरण करतेय, असं वाटून ते खूश असायचे.

एका दुपारी अचानक लाईट गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेत निशाचा आवाज खणखणला, "ब्रेक फेल्युअर!"

कौतिकराव ताडकन उठले. "हे नामस्मरण चाललं होतं तुझं? बंद कर! या गल्लीत दुसऱ्या कुणाची सून असं ओरडते का?"

निशाने डोक्यावरचा पदर मागे सारला, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि आणखी जोरात म्हणाली, "ब्रेक फेल्युअर!"



तेवढ्यात भिंतीपलीकडून आशाबाईची सून कडाडली, "हेड-ऑन कोलिजन!"