पुन्हा सासूच!

हल्लीच्या लेखकांचे हात झडोत, असं सासूबाई रोज दुपारी म्हणत. शिलाईयंत्र थांबलं की सूनबाई नवी कादंबरी मोठ्याने वाचायची आणि सासूबाई काजं करत ऐकायच्या. प्रेमकथा असली तर सासू बिब्बा घालायची. रहस्यकथेत तर विषाची बाटली हमखास सासूच्याच उशीखाली निघायची.

"मेल्यांना दुसरं माणूसच दिसत नाही का गं? घरात माळी असतो, थोरला दीर असतो!"

"काय करणार आई, सध्या असंच खपतं," सूनबाई पान उलटत म्हणायची.

काल कादंबरी शेवटच्या पानावर आली, सासू तुरुंगात गेली, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून सूनबाई माप घ्यायला बाहेर गेली. दोन यत्ता शिकलेल्या सासूबाईंनी पुस्तक पुढ्यात ओढलं आणि अक्षरांवर बोट ठेवत, एकेक शब्द जुळवत ते पान वाचून काढलं. खून घरच्या डॉक्टरने केला होता. सासू बिचारी मुलाच्या लग्नाआधीच वारली होती, असंही तिथेच छापलं होतं.

सूनबाई परतली, सासूबाईंच्या मांडीवरचं पुस्तक तिने पाहिलं आणि गळ्यात टेप तशीच लटकवून ती दारातच थिजली. सासूबाईंनी शांतपणे सुईत दोरा ओवला.



"तो डॉक्टर अगदीच मिळमिळीत आहे गं. उद्याच्या पुस्तकातही सासूच घाल. फक्त ह्या खेपेला ती सापडता कामा नये."