माना डोलल्या

जपानमधल्या इचिकावातल्या खानावळीत स्वानंद तासभर जीव तोडून बोलत होता. चौऱ्याण्णवचा अख्खा मोसम त्याच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल संघ मार खात होता आणि माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला आक्रमक फळीसाठी नवा कोच निवडायचा होता. “नाकामुरांना नका आणू! ते पोरांना चेंडू पोटाशी धरून नुसत्या धडका मारायला लावतात. पास फेकू द्या की!” मंडळातले सगळे गंभीरपणे माना डोलावत होते. चला, पटलं एकदाचं! स्वानंद घाम पुसत बसला. अध्यक्ष उठले. “स्वानंद-सान, फार मोलाचं बोललात,” म्हणत त्यांनी पिशवीतून कापडी फलक काढला. त्यावर रेशमाने भरलं होतं: ‘नाकामुरा कोच, स्वागत’. स्वानंद चरफडला. भरतकामालाच पंधरवडा लागला असणार! फोटोसाठी फलकाचं एक टोक, सर्वांत उंच म्हणून, त्याच्याच हातात आलं. “ठीक आहे ना?” अध्यक्षांनी विचारलं. स्वानंदने गंभीरपणे मान डोलावली.