तिसरी हाक

"काका, पायाचे अंगठे बांधते हं. टाइट झालं तर सांगा," काजल म्हणाली आणि सुतळीच्या दोन गाठी मारून मोकळी झाली.

नत्थूजी तिरडीवर आडवे होते. नाकात कापूस, ओठांवर तुळशीचं पान, अंगावर सकाळीच गांधीबागेच्या बाजारातून आणलेलं कोरं पांढरं कापड. याच पोरीनं फोनवर सांगितलं होतं, वेबसिरीज आहे, हिरोच्या वडिलांचा रोल आहे, सीन मोठा आहे. त्यात खोटं काही नव्हतं. सीन मोठाच होता आणि वडीलही तेच होते. वडील जिवंत आहेत का, एवढंच विचारायचं राहिलं. झाडीपट्टीच्या नाटकांत अठ्ठेचाळीस हंगाम काढलेल्या माणसाला ते सुचलंच नाही. उमरेडहून निघताना त्यांनी स्वतःची रंगाची पेटी सोबत घेतली होती आणि अर्ध्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं, "आता मोबाइलात दिसीन गा!" पेटी भिंतीशी बंदच पडली होती. मेकअपवालीनं चेहऱ्यावर दोन बोटं पावडर ओढली, तेवढ्यात काम झालं.

त्यांनी तुळशीचं पान बाजूला केलं. "पोरी, आयक वं. सीन झाला का मले नावानं हाक मारजो. तीन डाव. मी ओ देईन, मंगच उठीन."

"काहून काका?"

"आमच्या कंपनीतला रिवाज हाये. मेल्याचं सोंग केलेल्याले हाक मारल्याबिगर उठवत नाही. नाही तं सोंग अंगावरच राह्यते."

काजल हसली. चांगली पोरगी होती, पण तिच्या मागे सतरा कामं होती. "मारते ना. नाव काय तुमचं?"

"नत्थूजी."

ती हातातल्या कागदावर लिहून घेईल असं त्यांना वाटलं. तिनं वॉकीटॉकीत तोंड घातलं आणि सांगितलं, "सर, डेडबॉडी रेडी."

नत्थूजींनी पान पुन्हा ओठांवर ठेवलं. रंगमंचावर ते किती वेळा मेले याचा काही हिशेब नव्हता, पण दर वेळी पडदा पडला की कंपनीतला जोडीदार वामनराव धावत यायचा, "नत्थू! नत्थू! नत्थू!" तिसऱ्या हाकेला ओ, मग चहा. मागच्या साली वामनराव खरोखरच गेला, तेव्हा नत्थूजींनी त्याच्या तिरडीपाशी तीन हाका मारून पाहिल्या होत्या. चार लोक हसले. हसेनात का.

शूटिंग सुरू झालं. हिरो अश्विन तिरडीपाशी गुडघे टेकून बसला. त्याला एकच वाक्य होतं, "बाबा, तुमच्या चपला घातल्या मी, पण वाट तुमची चाललो नाही." चपलांपर्यंत तो ठीक यायचा. पुढे गाडी अडायची. चार वेळा अडली. चार वेळा नत्थूजींनी श्वास कोंडून धरला. भर उन्हाळा, त्यात दिव्यांची आग, आणि आवाज नको म्हणून पंखे बंद. वाक्य त्यांना दुसऱ्या खेपेलाच पाठ झालं होतं. आपल्याला दिलं असतं तर बघणाऱ्यांच्या डोळ्यांतून गंगाजमना वाहवल्या असत्या, असंही त्यांच्या मनात आलं.

पाचव्या खेपेला अश्विन पुन्हा चपलांपाशी थांबला. नत्थूजींना राहवलं नाही. ओठांवरचं पान जरासुद्धा न हलवता, फक्त अश्विनलाच ऐकू जाईल इतक्या हळू त्यांनी सोडलं, "पन वाट तुमची..."

अश्विन दचकला. आवाज कापला, डोळ्यांतून खरंखुरं पाणी आलं. वाक्य पुरं झालं.

"कट! क्या बात है!" डायरेक्टर ओरडला. टाळ्या पडल्या. "अश्विन, तो पॉझ! काय पॉझ घेतला यार तू!"

अश्विननं नत्थूजींच्या छातीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "थँक्यू सर. ठरवूनच घेतला होता."

नत्थूजींना राग आला. चांगला सणकून आला. पण मुडद्यानं रागवायचं कसं? हाक येईपर्यंत डोळे उघडायचे नव्हते. ते वाट पाहत पडून राहिले.

जेवणाची सुट्टी झाली. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, बाहेरून वांग्याच्या भाजीचा वास आला. काजल जवळून गेली. "काका, उठा ना, जेवून घ्या." नाव नव्हतं. नत्थूजी उठले नाहीत. "झोपले वाटते," ती कोणाला तरी म्हणाली आणि दाराशी ताट घेऊन उभी राहिली.

तेवढ्यात साऊंडवाला आत आला. "एक मिनिट. मले खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड कराचा हाये. कोणी हलाचं नाही, कोणी बोलाचं नाही."

सगळं चिडीचूप झालं. आता कोणी हाक मारणार नाही, हे नत्थूजींना कळून चुकलं. आणि नाटकात इतकी शांतता पडली की बोलायचं असतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी छाती भरून घेतली. माइक नसताना शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचायचा, तो आवाज लावला.

"नत्थू!"

बाहेर जेवणाची भांडी वाजली.

"नत्थू!"

साऊंडवाल्यानं कानावरचे हेडफोन ओरबाडून काढले. "कोण बोलून राह्यलं बे?"

"कोणी नाही दादा," काजल दारातून म्हणाली, "डेडबॉडी आहे."

"मंग सांग त्याले. एक मिनिट चूप राह्य म्हना."

नत्थूजी चूप राहिले. ओठांवरचं पान केव्हाच घरंगळून गेलं होतं. तिसरी हाक त्यांच्या तोंडातच होती.