सर्वांची लाडकी

राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेचा मुकुट तिला मिळाला नाही, पण ‘सर्वांची लाडकी’ हा किताब मिळाला. तो स्पर्धक मुलींच्याच मतांवर ठरायचा, आणि एकूणएक मत तिलाच पडलं होतं. पंधरा दिवस ती कुणाचा गाऊन टाचून देत होती, कुणाची रडारड ऐकत होती. खोलीवर आल्यावर तिला राहवेना.

“खरंच गं, एवढी आवडले मी तुम्हाला?” तिने रूममेटला विचारलं.

खोट्या पापण्या काढत रूममेट म्हणाली, “अगं, तुझी धास्ती कुणालाच नव्हती ना! मत तुलाच द्यायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं आमचं.”

तेवढ्यात आईचा फोन आला. “एवढ्या मैत्रिणी जोडल्यास! एकदा घरी घेऊन ये सगळ्यांना.”

“विचारते हं,” ती म्हणाली.