राखलेला माळ

“मेंढरं कुठायत यात? दाखवा मला,” साहेब म्हणाले.

गावच्या समाजमंदिरात महसूल खात्याची सुनावणी चालू होती. पडद्यावर वाडीच्या माळाची, उपग्रहानं टिपलेली तीन चित्रं होती. तिन्ही हिवाळ्यातली. तिन्हींत माळावर गवत, पण मेंढरू एकही नाही. वापरात नसलेली जमीन पडीक धरायची आणि सौर प्रकल्पाला द्यायची, असं वर ठरलं होतं.

बजाबाई उठल्या. उभा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेली धनगराची बाई. “आमी राखलाय त्यो माळ, साहेब. दिवाळी झाली की मेंढरं लोकांच्या रानात बसवतो, खतासाठी. माळावर एक खूर पडू देत न्हाय. उन्हाळ्यात कुटं काडी घावत न्हाय, तवा त्येच गवात हाय की आमाला.”

“राखलेलं चित्रात दिसत नाही, आजी. वापर दिसायला पाहिजे. पंधरा दिवसांनी मी स्वतः बघायला येतो.”

माळाची पाहणी केली होती ऋतुजानं. सोलापूरची, भूगोलात एम.ए. झालेली, साहेबांच्या कार्यालयात कंत्राटावर लागलेली मुलगी. गुडघाभर गवतातून बजाबाईंनीच तिला माळभर हिंडवलं होतं. ‘उन्हाळी चराईसाठी राखीव’ असा शेरा तिनं अहवालात लिहिलाही होता. तो कुणी वाचला नव्हता.

सुनावणी संपल्यावर तिनं बजाबाईंना बाहेर गाठलं. “मावशी, साहेब येतील तेव्हा माळावर मेंढरं दिसू द्या. जितकी जास्त, तितकं बरं.”

“आत्ताच सोडली तर चैतात काय घालू त्यास्नी?”

“आणि माळच गेला तर?”

बजाबाईंनी होकारार्थी मान हलवली. मग वाडीकडं चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचे दीर धुळाप्पा यांनी माळाच्या तोंडावरची काटेरी फांदी ओढून बाजूला टाकली. सात घरांची मेंढरं आत घुसली. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत कधीच न उघडणारी वाट उघडी बघून म्हातारे धुळाप्पा तिथंच खाली बसले. दहाव्या दिवशी गवत संपलं. मग मेंढरं खुरांनी उकरून मुळं खाऊ लागली. माघारी न्यावीत असं बजाबाईंना रोज वाटे, आणि रोज त्या उरलेले दिवस बोटांवर मोजत.

पंधराव्या दिवशी साहेबांना आणि ऋतुजाला घेऊन जीप आली. माळभर मेंढरंच मेंढरं. सातही घरांच्या माणसांसह बजाबाई डोईवरचा पदर सावरून पुढं उभ्या होत्या.

“वा! बरीच आहेत की,” साहेब म्हणाले.

ऋतुजाचा जीव भांड्यात पडला. बजाबाई तिच्याकडं बघून पहिल्यांदाच हसल्या.

साहेब चार पावलं आत गेले. त्यांनी बुटाच्या टोकानं माती उकरली. नुसता फुफाटा उडाला. ते वाकून इकडंतिकडं बघत राहिले.

“पण इथं ह्यांनी खायचं काय? काडी नाही शिल्लक,” ते म्हणाले. “मागं चित्रांत निदान गवत तरी होतं. मॅडम, लिहून घ्या. पडीक.”