विश्वासात घेणे

रसायनशास्त्र विभागाच्या पटसंख्येच्या तक्त्यावर यशवंत बनसोडेंनी ‘अठ्ठावन्न’ असा आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. सही राहिली होती. एकसष्ट असते तर सहीला अर्धं मिनिट लागलं नसतं.

प्रॅक्टिकलला वीस मुलांची एक बॅच. साठाच्या वर एक जरी पोरगं गेलं की चौथी बॅच होई, आणि चार बॅचेस असल्या तरच विभागात चौथा प्राध्यापक. दुष्काळाचं वर्ष, अनुदानाला कात्री लागलेली, तेव्हा या खेपेला नियम नुसता कागदावर राहणार नव्हता. पटावरची तीन मुलं दिवाळीपासून फिरकली नव्हती. जेऊरचा येडू दुष्काळी कामावर खडी फोडत होता, सिद्रामप्पा गिरणीत बदली कामगार लागला होता आणि मल्लव्वा लग्न होऊन इंडीला गेली होती. जुने प्रमुख असली नावं पटावर तशीच नांदू देत. ते गेल्या महिन्यात निवृत्त झाले, आणि यशवंतरावांनी खुर्चीवर बसल्या बसल्या पट साफ केला. नवा मुल्ला जोरात बांग देतो, तसंच ते.

चौथा प्राध्यापक म्हणजे बसवराज हत्तुरे. सगळ्यांत शेवटी लागलेला, म्हणून सगळ्यांत आधी जाणारा. यशवंतरावांचा अकरा वर्षांचा दोस्त. पंखा कुठला घ्यावा, पोरीला कोणत्या शाळेत घालावं, हे प्रमुखपद घ्यावं की नको, सगळं त्यांनी आजवर त्यालाच विचारून केलं होतं. आज विचारावं असं दुसरं कुणी नव्हतं.

नव्या विभागप्रमुखांसाठी मध्यंतरी कोल्हापुरात तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. तंगीच्या काळात विभाग कसा चालवावा, हा विषय. चहा चांगला होता. वाटलेल्या सायक्लोस्टाइल कागदावर सातवा मुद्दा होता: कठीण निर्णयापूर्वी सहकाऱ्यांना विश्वासात घ्यावे. यशवंतरावांनी त्याखाली लाल रेघ मारून आणली होती. त्यांनी तिप्पण्णा शिपायाला हाक मारली आणि बसवराजला बोलवायला सांगितलं.

“बलावतो की. पर सायेब, पाचाच्या आत कागद द्या. मोटं सायेब दोनदा इचारल्यात.”

बसवराज हातावरचा खडू झटकत आला. तक्ता त्याने उभ्याउभ्याच वाचला.

“अठ्ठावन्न,” तो म्हणाला. “म्हणजे माझी नोकरी सुटली म्हणायचं.”

“अजून सही केलेली नाही.” यशवंतराव टेबलाला वळसा घालून आले आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले. “तीन नावं परत घालता येतात. तू घाल म्हणालास तर घालतो. नको म्हणालास तर नको. तू सांगशील तसं.”

“मी सांगू?”

“नेहमी तुलाच विचारतो की.”

बायको महानंदा, दोन मुली, आई, आणि या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे सगळं बसवराजने बोलून दाखवायची गरज नव्हती. यशवंतरावांना ते तोंडपाठ होतं.

“घाल म्हटलं, तर खोटी हजेरी माझ्यापायी लागली,” तो हळू म्हणाला. “नको म्हटलं, तर माझ्या घरची चूल मीच विझवली. तुझी फक्त सही. लई शहाणा आहेस की रे, यशवंता.”

“अरे, मी तुला विश्वासात घेतोय.”

“विश्वासात नाही घेत तू. तुझ्या डोक्यावरचं ओझं माझ्या डोक्यावर द्यायला लागलास.” तो दाराशी जाऊन थांबला. “प्रमुख हो म्हणून मीच सांगितलं होतं तुला. मग हो की आता.”

बाहेर घंटा झाली आणि तो तासाला निघून गेला.

यशवंतरावांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग नुसतं एकटं वाटलं. एवढं एकटं त्यांना वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा बसवराज शेजारी होता. त्यांनी एका कोऱ्या कागदावर येडूचं नाव लिहून पाहिलं. ब्युरेटच्या नळीवरचा आकडा न बघता मनानेच ठोकून देणाऱ्या पोरांच्या वह्या ते या टेबलावरून भिरकावून देत. त्या उचलून, पोरांना पुन्हा समजावून सांगायचं काम बसवराजचं. त्यांनी कागद फाडला, तक्त्यावर सही केली आणि तो तिप्पण्णाच्या हातात दिला. पाचाला दहा मिनिटं होती.

सुटल्यावर ते सायकल स्टँडवर गेले, तर बसवराज रोजच्यासारखा थांबलेला होता. अकरा वर्षं दोघं बरोबरच घरी जात. आज तो थांबेल असं यशवंतरावांना वाटलं नव्हतं.

“केलीस सही?”

“केली.”

“किती?”

“अठ्ठावन्न.”

बसवराजने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच यशवंतरावांना सोसवेना.

“बरोबर केलंस,” तो म्हणाला. “महानंदाला मी सांगतो. तू मात्र काही दिवस घराकडं येऊ नकोस. तुला बघितलं की तिला रडू येईल, आणि मला तुझी बाजू घ्यावी लागेल.”

तो सायकलवर टांग टाकून गेला. दोघांचा रस्ता एकच होता. बसवराज नाका ओलांडून पुढे गेला असेल, एवढा वेळ यशवंतराव कुलपाशी उगाच खटपट करत राहिले, आणि मग त्यांनी सायकल काढली.