सोळा ठोके

आमचं युद्धविरोधी रॉक गाणं तयार झालं, तेव्हा एकाहत्तरचं युद्ध संपून दोन महिने झाले होते. फौजेत गेलेला आमचा ड्रमवाला जगदेव मात्र परतला नव्हता, पत्रही नव्हतं. म्हणून गाण्यात त्याच्या ड्रमचे सोळा ठोके आम्ही रिकामे सोडले. आमच्या गावात चांदमलशेठच्या पोराच्या वरातीत गिटार भोंग्याला जोडून आम्ही ते वाजवलं. “बंदुका पुरून टाका” या ओळीवर वऱ्हाडी बेभान नाचले. रिकाम्या ठोक्यांत फक्त नवरदेवाची घोडी शिंकली. गाणं संपताच जगदेवची आई गर्दीतून पुढं आली. “बाबू, मधातलं तेवढं पुन्हा वाजव.” “कोणतं, काकू?” “जिथं काईच वाजत नाई, थे. तिथं माहा जगदेव वाजवून राह्यला ना.” आम्ही पुन्हा वाद्यं सावरली आणि मनात सोळा ठोके मोजले. सोळावा ठोका सरला, तरी पुढची ओळ कुणीच उचलली नाही.